पाकिटं रात्री कुणाच्या कपाटात होती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर जो लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहा घेताना आणि परत रात्री झोप येईना म्हणून. शेवटच्या कॉलममध्ये लेखकाने लिहिलंय की चौकशी झाली, चौकशीत गैर काही सापडलं नाही, त्यामुळे हितसंबंधांचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. अहो नाही निघाला. मी ३१ वर्षं नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली आहेत, टेंडरची पाकिटं माझ्या डोळ्यांसमोर फुटली आहेत, आणि हल्ली मी वर्षातले पाचेक महिने लेकीकडे ईस्ट हॅमला असते म्हणजे ज्या महापालिकेचे पैसे त्या स्टेडियममध्ये बुडाले तिथेच. म्हणून हे पत्र.

तुमच्या वाचकांना प्रकरण माहीत आहेच, मी फक्त लेखात जे दोन ओळींत उरकलंय तेवढंच सांगते. २०१२ च्या ऑलिम्पिकनंतर ते स्टेडियम कुणाला द्यायचं हे ठरवायचं काम ऑलिम्पिक पार्क लेगसी कंपनी या सरकारी कंपनीकडे होतं, आणि वेस्ट हॅम व टॉटनहॅम या लंडनच्या दोन फुटबॉल क्लबांनी बोली लावली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीच्या बोर्डाने १४ विरुद्ध ० मतांनी वेस्ट हॅमला पसंती दिली, टॉटनहॅम मागे पडलं. जुलैमध्ये बाहेर आलं की त्याच कंपनीतली एक अधिकारी वेस्ट हॅमसाठी पैसे घेऊन सल्लागाराचं काम करत होती, कंपनीची परवानगी न घेता. तिला निलंबित केलं. ती स्टेडियमच्या निवडीत नव्हती आणि निकालावर परिणाम झाला नाही असं चौकशीत ठरलं, ते मी मानते, माझ्याकडे त्याच्या विरोधात काही नाही. पण साहेब, तिला पगार कोण देत होतं आणि त्याच वेळी वरचे पैसे कोण देत होतं हे बाकीच्या क्लबांना आधी कळायला नको होतं का? टेंडर देणाऱ्याचं आणि टेंडर भरणाऱ्याचं मीठ एकाच वेळी खायचं, मग निकाल अगदी धुतल्या तांदळासारखा असला तरी हरलेल्या माणसाने त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मला हे इतकं का लागतं ते सांगते. कोल्हापूरकडची एक नगरपालिका, नाव घेत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघ असतात हे तुमच्या वाचकांना सांगायला नको, पेठेपेठेत दोन गट आणि मॅचच्या दिवशी घरात सुद्धा दोन गट. एसटी स्टँडमागचं पालिकेचं मैदान पाच वर्षांसाठी चालवायला द्यायचं ठरलं, म्हणजे वार्षिक भाडं भरायचं, मैदान राखायचं आणि स्पर्धा भरवायच्या. तीन पाकिटं आली. दोन तालमींची आणि एक मंडपवाल्याचं. मुदत संपली संध्याकाळी पाचला, उघडायची दुसऱ्या दिवशी अकराला, आणि मधली रात्र ती पाकिटं आवक-जावकच्या कारकुनाच्या लोखंडी कपाटात होती कारण हेडक्लार्क रजेवर आणि तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे.

त्या कारकुनाचा मेव्हणा दोनातल्या एका तालमीचा खजिनदार. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मला तर चांगलंच माहीत होतं, त्या मेव्हण्याच्या लग्नात मी जेवून आले होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये पाकिटं टेबलावर ठेवली. एका पाकिटाच्या लाखेला कडेला बारीकशी चीर होती, केसाएवढी, लाख वाळली की तडकते तशी. पोस्टातून आलेल्या कितीतरी पाकिटांना ती असते. मी तुलनात्मक तक्ता लिहायला बसले. पहिल्या तालमीचे वर्षाला १८,००० रुपये. मंडपवाल्याचे १५,५००. आणि मेव्हण्याच्या तालमीचे १८,२५१. मी तो आकडा लिहिला आणि पेन तिथेच थांबलं, कारण फरक फक्त २५१ रुपये. पहिल्या तालमीचे सेक्रेटरी म्हणजे पांढरं धोतर नेसणारे एक वयस्क गृहस्थ, त्यांनी ना आरडाओरडा केला ना टेबलावर हात आपटला. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, बाई, पाकिटं रात्री कुणाच्या कपाटात होती?

मी खाली तक्त्याकडे बघत राहिले. बोलले नाही.

नंतर तक्रार झाली, चौकशी झाली. सदर प्रकरणी कोणताही गैरप्रकार आढळून येत नाही असा शेरा आला, तो तीन कार्बन घालून मीच टाइप केला. आणि आज सुद्धा मी शपथेवर सांगू शकत नाही की त्या कारकुनाने पाकीट उघडलं होतं. कदाचित नसेलही, माणूस तसा साधा होता, मुलीच्या फीसाठी सोसायटीतून कर्ज काढणारा. पण पुढची पाच वर्षं त्या मैदानावर जी जी मॅच झाली ती चोरीच्या मैदानावरची मॅच म्हणून गावाने बघितली, हरलेल्या तालमीची पोरं ओढ्याकाठच्या दगडगोट्यांच्या जागेवर प्रॅक्टिस करायची, आणि तो कारकून रिटायर होईपर्यंत चहाच्या टपरीवर त्याला मैदानवाला म्हणायचे. त्याने आदल्या दिवशी पाच वाजता एवढंच म्हटलं असतं की साहेब, यात माझा मेव्हणा आहे, माझ्या कपाटात पाकिटं नकोत, तर यातलं काही म्हणजे काही झालं नसतं. किंवा मी म्हटलं असतं. त्याला फार तर दोन मिनिटं लागली असती.

म्हणून मला लेखकाचं ते वाक्य खटकलं. हितसंबंधांच्या बाबतीत काय सापडलं हा प्रश्न नंतरचा असतो, आधी कुणी काय सांगितलं हा पहिला. लेखकाने शेवटाकडून सुरुवात केली.

लंडनच्या बाबतीत तर पुढचं सगळं बघा. टॉटनहॅम आणि लेटन ओरिएंट कोर्टात गेले. ओरिएंटचं मैदान त्या स्टेडियमपासून मैल-दीड मैलावर आहे, लहान क्लब, शेजारी एवढा मोठा क्लब येऊन बसला तर आपल्याकडे कोण येणार ही त्यांची भीती अगदी खरी होती. वर कुणीतरी नाव न देता युरोपियन कमिशनकडे तक्रार केली की न्यूहॅम महापालिका, म्हणजे आमच्या ईस्ट हॅमचीच, वेस्ट हॅमच्या बोलीत ४ कोटी पौंड घालतेय ही नियमात न बसणारी सरकारी मदत झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने पहिला व्यवहारच गुंडाळला. तो त्या अधिकारी बाईंमुळे नाही गुंडाळला, कोर्टकचेरीत वर्षं जातील म्हणून गुंडाळला, हे मी मुद्दाम लिहिते नाहीतर मीच कुणावर तरी अन्याय करेन. पण माझ्या मनात तो न्यूहॅमचा मुद्दा जास्त आहे. महापालिका लोकांची विश्वस्त, स्टेडियम लोकांचं, आणि तीच महापालिका एका क्लबच्या बाजूने बोली लावायला उभी. मग त्या महापालिकेच्या हद्दीतला जो रहिवासी दुसऱ्या क्लबचा आहे किंवा कुठल्याच क्लबचा नाही त्याच्या बाजूने कोण उभं होतं?

नवीन टेंडर निघालं आणि मार्च २०१३ मध्ये परत वेस्ट हॅमलाच ९९ वर्षांचा करार मिळाला. स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायच्या खर्चात क्लबने १.५ कोटी पौंड दिले आणि भाडं वर्षाला २५ लाख पौंड, क्लब खालच्या लीगमध्ये गेला की ते सुद्धा अर्धं. हे आकडे लोकांना कधी कळले? एप्रिल २०१६ मध्ये. तोपर्यंत करार व्यापारी गुपित म्हणून दडवून ठेवला होता, १४ क्लबांच्या चाहत्यांच्या संघटना माहिती अधिकारात भांडल्या, ट्रिब्युनलने सांगितलं तेव्हा कुठे कागद बाहेर आला. त्यात निघालं की गोलपोस्ट आणि कोपऱ्यातले झेंडे पण स्टेडियमवाल्यांनी म्हणजे जनतेने पुरवायचे. आमच्या पालिकेच्या करारात नेट आणि चुना तालमीने आणायचा असं स्पष्ट कलम होतं, १८,२५१ रुपयांच्या करारात! स्टेडियम बदलायचा खर्च वाढत वाढत ३२.३ कोटी पौंडांवर गेला आणि या दुसऱ्या व्यवहारातही पैसे घातलेल्या न्यूहॅमला २०१७ मध्ये आपल्या गुंतवणुकीवर पाणी सोडून बाहेर पडावं लागलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या लायब्ररीची वेळ वाढवा म्हणून लेक दोन वर्षं सह्या गोळा करतेय, तिला उत्तर येतं की पैसे नाहीत.

जावई वेस्ट हॅमचा आहे, तो म्हणतो आई तुम्ही आमच्या क्लबच्या मागे लागलात. क्लबच्या मागे मी नाही. क्लबने स्वस्तात मिळालं ते घेतलं, कुणीही घेईल. त्याला स्वतःला ग्रीन स्ट्रीटजवळचं जुनं मैदान जास्त आवडायचं, तिथे क्लब १९०४ पासून होता, आता तिथे फ्लॅट झालेत आणि मॅचच्या दिवशी साड्यांच्या दुकानांसमोरून जाणारी ती गर्दी पण गेली. माझा राग टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांवर आहे, जे लोकांच्या वतीने बसतात.

आता एक तुमच्याबद्दल. तुमच्या पेपरात टेंडर नोटिसा छापता त्या इतक्या बारीक टाइपात की मला भिंग घेऊन बसावं लागतं, आणि ई-पेपरवर झूम केलं की अक्षरं फुटतात. आमच्या ऑफिसातून तुम्हाला जाहिरात पाठवताना कॉलम सेंटीमीटरचे पैसे मीच हिशोबात धरायचे त्यामुळे जागा महाग असते हे मला कळतं, पण नोटीस काढतात ती गावातल्या चार जास्त लोकांनी वाचून टेंडर भरावं म्हणून. वाचताच आली नाही तर ज्याला आतून कळलंय तोच भरणार. निदान कामाचं नाव आणि शेवटची तारीख तरी ठळक छापा. मागे मी याबद्दल दोन पत्रं पाठवली होती, एकही छापलं नाही.

हे छापताना जागेसाठी कापावं लागलं तर लंडनचं कापा, ते तुमच्या लेखात बरंचसं आलेलं आहे. कपाटाचं कापू नका.

आपली,
एक निवृत्त लेखापाल
(सध्या मुक्काम ईस्ट हॅम, लंडन)