हेक्टरांच्या हिशेबात उतार कोठे आहे?

संपादक महोदय,

वनक्षेत्र वाढले की घटले, याच्या बातम्या हेक्टरांत आणि लावलेल्या रोपांच्या आकड्यांत दिल्या जातात. त्या जमिनीचा उतार किती, तो कोणत्या दिशेला आणि तेथे घळी व डोंगराच्या सोंडा कशा आहेत, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. उपोष्ण कटिबंधातील मिश्र जंगलांबाबत ही त्रुटी किरकोळ नाही, कारण सदाहरित आणि पानझडी वृक्ष शेजारी शेजारी वाढणाऱ्या या जंगलांत कोणती जात कोठे रुजेल हे बऱ्याच अंशी भूरूपावर ठरते.

माथ्यावरून आणि सोंडेवरून पावसाचे पाणी लवकर निघून जाते व जाताना सुटी माती आणि कुजलेला पाचोळा खाली नेते. त्यामुळे वर माती उथळ व कोरडी राहते आणि तेथे चिवट, टणक पानांच्या जाती किंवा पाइनसारखे सूचिपर्णी वृक्षच नेटाने वाढतात. घळीत माती खोल असते आणि ओल टिकते, पण हिवाळ्याच्या रात्री जड, गार हवाही तेथेच साचते व गारठा न सोसणारी रोपे मरतात. तीव्र उतारावर दरडी घसरतात, मोठी झाडे उन्मळून पडतात आणि छत्र फाटून ऊन जमिनीपर्यंत पोहोचते. सावलीत तग न धरणाऱ्या अनेक पानझडी जातींना हीच संधी असते. म्हणजे वरवर नासधूस दिसणारी घटना जातींची विविधता टिकवूनही धरते.

चीनच्या झेजियांग प्रांतातील गुतियानशान येथे २४ हेक्टरांच्या कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्रात, छातीच्या उंचीवर किमान १ सेंटिमीटर व्यास असलेल्या प्रत्येक झाडाची नोंद झाली, तेव्हा १५९ जाती आढळल्या. या एवढ्याशा क्षेत्रात उंचीचा फरक सुमारे २७० मीटरचा आहे आणि अनेक जातींचा कल सोंड, उतार किंवा घळ यांपैकी एखाद्या भूरूपाकडे स्पष्ट दिसतो. अर्थात सगळे श्रेय भूरूपाला देणे चुकीचे ठरेल. बी किती दूर पडते यावर आणि निव्वळ योगायोगावरही बरेच अवलंबून असते.

माणसाचा हात तर विसरताच येत नाही. सौम्य उतारावरचे जंगल बहुधा आधी तोडले गेले आणि ती जमीन कसली गेली, त्यामुळे कड्यालगतच्या समृद्ध जंगलाचे कारण कडा आहे की तेथवर न पोहोचलेली कुऱ्हाड, हे तपासावे लागते. उत्तराखंडातील कुमाऊँच्या डोंगरांत कोरड्या दक्षिण उतारांवर चीड (पाइनची एक जात) आणि ओलसर उत्तर उतारांवर बांज (ओकची एक जात) हे चित्र सर्रास दिसते, पण वणवे आणि बांजाची तोड यांनीही चीडाला जागा करून दिली आहे.

म्हणूनच वनीकरणाच्या आराखड्यात माथ्यापासून घळीपर्यंत एकाच जातीची रोपे लावण्याची पद्धत बंद करून भूरूपानुसार जातींची वेगवेगळी यादी द्यावी. पाहणीसाठीचे चौकोनही रस्त्यालगतच्या सोयीच्या जागी न आखता सोंड, मधला उतार आणि घळ या तिन्ही ठिकाणी आखावेत. आपल्या वार्ताहरांनीही वृक्षलागवडीची बातमी देताना रोपांच्या संख्येबरोबर उताराची दिशा आणि लावलेल्या जातींची नावे विचारून छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक