शंट रेग्युलेटरची उष्णता आधी कागदावर मोजावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रेकॉर्ड प्लेअरसाठी घरी प्रीअॅम्प्लिफायर (क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) बांधण्याविषयी आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे आणि त्यात सुचवलेला शंट रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे एक सर्किट, मीही बरीच वर्षे वापरत आलो आहे. मात्र ट्रान्झिस्टर थोडेफार तापतात, गरज वाटल्यास हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावावे, अशा अर्थाचे त्यातील वाक्य खटकले, कारण या सर्किटमध्ये उष्णता गरज वाटण्यावर सोडता येत नाही.

नेहमीच्या सिरीज रेग्युलेटरमध्ये लोड, म्हणजे वीज वापरणारे सर्किट, जेवढा करंट मागेल तेवढाच पुढे जातो, त्यामुळे लोड काढले की तो जवळजवळ थंड पडतो. शंटचे तसे नाही. त्यात वरचा मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) ठरवलेला करंट अखंड सोडत राहतो, आणि प्रीअॅम्प्लिफायरने जो वापरला नाही तो शंट मॉस्फेट स्वतःतून जमिनीकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टकडे, वळवतो. नळ कायम सोडलेला आणि घरात न लागलेले पाणी मोरीत, असाच हा प्रकार आहे. या उधळपट्टीच्या बदल्यात संगीताबरोबर बदलणारा करंट लोड आणि शंट यांच्या लहानशा वर्तुळातच फिरतो, तो ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचत नाही. रेकॉर्डच्या सुईकडून येणाऱ्या दोन-चार मिलिव्होल्टच्या नाजूक सिग्नलसाठी ही किंमत मोजणे मला पटते. पॉवर अॅम्प्लिफायरसाठी मात्र कोणी शंट सुचवला तर त्याला हात जोडावेत.

आता आकडे पाहू. 24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून डायोड आणि कपॅसिटरनंतर साधारण 34 व्होल्ट डीसी मिळते. रेग्युलेटरमधून 24 व्होल्ट बाहेर हवे आहेत, प्रीअॅम्प्लिफायर 60 मिलिअँपिअर घेतो आणि वरचा मॉस्फेट 120 मिलिअँपिअरवर लावला आहे, असे धरू. वरच्या मॉस्फेटवर 10 व्होल्ट पडतात, म्हणजे 1.2 वॉट, शंटवर उरलेल्या 60 मिलिअँपिअरमुळे 1.44 वॉट. मात्र सर्किट तपासताना आपण सर्वांत आधी लोडच काढतो, आणि त्या क्षणी शंटवर 2.88 वॉट येतात. टीओ-220 आकाराच्या मॉस्फेटचे तापमान हीटसिंकविना दर वॉटला सुमारे 62 अंशांनी वाढते, म्हणजे येथे ती वाढ 180 अंशांच्या आसपास जाते. आतल्या सिलिकॉनची मर्यादा बहुधा 150 अंश असते. म्हणून 'आधी नुसता रेग्युलेटर चालवून पाहू' ही सावध वाटणारी पद्धतच शंटच्या बाबतीत सर्वांत घातक ठरते.

माझी स्वतःची चूक याहून मूर्खपणाची होती. शंटला मी मोठे हीटसिंक लावले, पण वरच्या मॉस्फेटवर 1.2 वॉटच तर आहेत म्हणून त्याला पितळी क्लिपसारखे छोटेसे सिंक बसवले. शंटच्या स्क्रूसाठी अॅल्युमिनियमला पाडलेल्या भोकाच्या कडेला केसाएवढी कंगोरी राहिली होती. सिंक तापल्यावर तिने मॉस्फेट आणि सिंक यांच्यामधला मायका, म्हणजे वीज अडवणारा पातळ पापुद्रा, भेदला, शंटची पाठ जमिनीला जोडलेल्या सिंकला टेकली आणि 24 व्होल्टची लाइन थेट शॉर्ट झाली. फ्यूज उडाला नाही, कारण करंट ठरवल्याप्रमाणे 120 मिलिअँपिअरच होता. वरच्या मॉस्फेटवर मात्र आता पूर्ण 34 व्होल्ट, म्हणजे चार वॉट आले. दुपारभर ते तसेच चालू राहिले. संध्याकाळी परत आलो तेव्हा खोलीत वास भरला होता, मॉस्फेटखालचा बोर्ड तपकिरी पडला होता आणि शेजारच्या कपॅसिटरचे डोके फुगले होते. तेव्हापासून मोठे ड्रिल बिट बोटांनी फिरवून भोकाची कड मोडल्याशिवाय आणि मॉस्फेटची पाठ व सिंक यांच्यामध्ये मल्टिमीटर धरून ते जोडले गेलेले नाहीत हे पाहिल्याशिवाय मी वीज देत नाही.

त्या प्रसंगातून एक सोपा हिशेब हाती आला. लोड असो, नसो किंवा लाइन शॉर्ट झालेली असो, दोन्ही मॉस्फेटवरील वॉटची बेरीज 34 गुणिले 0.12, म्हणजे 4.08 च्या पुढे जात नाही. तेव्हा दोघांना वेगवेगळे मायके घालून एकाच सिंकवर बसवावे आणि ते सिंक या एकाच आकड्यावरून निवडावे. घरातली वीज 230 वरून 250 व्होल्टवर गेली की 34 चे 37 होतात आणि बेरीज 4.4 वॉटवर जाते, तेवढी सोय ठेवावी. पुण्यात मे महिन्यात बाहेर 40 अंश असतात. बंद डब्यात 50 धरा. दर वॉटला 4 अंश तापणारे सिंक घेतले तर ते 68 अंशांपर्यंत जाईल, आणि तेवढे चालते. दर वॉटला 10 अंशांचे घेतले तर 94.

त्याहून उत्तम म्हणजे उष्णता निर्माणच कमी करावी. जास्त करंट सोडला की आवाज खुलतो असे सांगत 60 च्या लोडसाठी 200 मिलिअँपिअर लावणारे मित्र मला आहेत. माझ्या कानांना 80 आणि 200 मधला फरक कधी ओळखता आलेला नाही, आणि 80 वर मात्र सगळी उष्णता पावणेतीन वॉटमध्ये आटोपते. हा करंट अर्ध्या तासाने पुन्हा मोजावा, कारण मॉस्फेट तापला की तो थोडा वाढतो.

सिंकच्या पात्या उभ्या ठेवाव्यात, डब्याला तळाशी आणि झाकणावर भोके असावीत, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिंकपासून दूर असावेत. त्यांचे तापमान दहा अंशांनी उतरले तर आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. आमच्या घरी डब्यावर क्रोशाचा रुमाल घालण्यावरून झालेला वाद मी येथे लिहीत नाही. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांच्या, सर्किटमध्ये शंटच्या पाठीवर 300 व्होल्टही असू शकतात, तेव्हा बोट लावून तापमान पाहण्याची सवय तेथे नको.

लेखातील आकृतीत प्रत्येक रेझिस्टरचे मूल्य छापले आहे, फक्त हीटसिंकचे नाही. पुढील भागात ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे