नोटरीवर भागवू नकोस

प्रिय मन्या,

नाशकात अंबडला नोकरी आणि इंदिरानगरात वन बीएचके, म्हणजे जाण्यायेण्याचा त्रास वाचला. भाडं 12,000, अनामत 36,000, ठीक आहे. पण एजंट म्हणतोय ना, 'अकराच महिन्यांचा करार, नोटरी करून टाकू', त्याला सरळ नाही म्हण.

अकरा महिन्यांची पळवाट केंद्राच्या नोंदणी कायद्यातली; तिथे वर्षाच्या आतल्या भाडेकराराला सूट आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 आडवं येतं. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, उलटं सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत तुझंच म्हणणं धरलं जातं. मालकाला हे गोडीत सांग.

खर्चाचा बाऊ करतील. हिशेब बघ: 11 महिन्यांचं भाडं 1,32,000, अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 3,300. बेरीज 1,35,300, तिच्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण 338 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वरचं बहुतेक सगळं एजंटची मेहनत! ती आधीच ठरव, आणि कोण किती भरणार तेही.

ऑनलाइन नोंदणीला माणूस अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी येतो. तुझा, मालकाचा आणि दोन साक्षीदारांचा आधार लागतो. वयस्कर मालकाचा अंगठा घासलेला असला की मशीन घेत नाही, मग दुसरं बोट लावून बघायचं. झाल्यावर इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची, प्रत मागून घे. मालक खरा कोण हे घरपट्टीच्या पावतीवरून आणि वीजबिलावरून ताडून बघ. नाव वडिलांचं आणि सही मुलाची असेल तर मुखत्यारपत्र माग.

आता नीट वाच. तुझा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे कायद्याने तू भाडेकरू नाहीस, लायसन्सी, म्हणजे नुसती राहायची परवानगी मिळालेला, आहेस. मुदत संपून घर सोडलं नाहीस तर मालक कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि त्यानंतरच्या दिवसांची दुप्पट भाड्याने भरपाई मागतो. भाडेकरूचं पाणी, वीज तोडायला कलम 29 ची बंदी आहे, पण लायसन्सीला तिचा आधार मिळेलच असं धरून चालू नकोस. पाणी, वीज तोडणार नाही ही अट करारातच लिहून घे.

भांडणं होतात ती अनामतीवरून. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू नाही. म्हणून 'चावी दिल्याच्या दिवशी अनामत परत' आणि 'रंगाचे पैसे कापणार नाही' हे शब्द हवेत. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, सहा महिन्यांचा असेल तर चौथ्या महिन्यात निघाल्यास उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं मागतील. तो दोघांनाही सारखा लागू आहे का, तेही बघ. भाडं बँकेतूनच दे.

ताबा घेताना मीटरचा आकडा, गिझर, नळ आणि बाथरूमच्या भिंतीवरची ओल यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठव. महावितरणची थकबाकी ग्राहक क्रमांक टाकून तपास. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे शुल्क घेते ते मालकाने भरायचं, आणि सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला मालकाने कळवायची; कळवल्याची प्रत तुझ्याकडे ठेव.

मसुदा आला की अंगठा लावायच्या आधी मला व्हॉट्सअॅपवर टाक.

तुझा,
दिन्या