विषय: दूतावासाने आठ दिवसांत निर्णय दिला, पासपोर्ट मात्र नऊ दिवस तुमच्याकडे पडून आहे

दि. १६ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
व्हिसा अर्ज केंद्र

आत्ता दुपारी पावणेचारला तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले. बावीस मिनिटं होल्डवर ठेवल्यावर तिकडच्या मुलीने सांगितलं, "मॅडम, सिस्टिममध्ये अजून प्रोसेसमध्येच दिसतंय. पासपोर्ट दूतावासाकडून आलेला नाही." ९ तारखेला हेच वाक्य ऐकलं, १२ तारखेला हेच, १४ तारखेलाही हेच.

पासपोर्ट आलेला आहे. ऑस्ट्रियाच्या दूतावासाने काल मला ईमेलने लेखी कळवलं आहे की अर्जावर ६ मे रोजी निर्णय झाला आणि ७ मे रोजी पासपोर्ट तुमच्या माणसाच्या ताब्यात दिला. तो ईमेल मी आज फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखवला. त्यावर उत्तर मिळालं, "त्याबद्दल आम्हाला माहिती नाही, तुम्ही दूतावासालाच विचारा." अहो, दूतावासाला विचारूनच मी तुम्हाला फोन केला होता! त्यांनी दिलं म्हणून सांगितलं, तुम्ही मिळालं नाही म्हणता, आणि माझा पासपोर्ट या दोन वाक्यांच्या मधे कुठे आहे ते सांगायला कोणी तयार नाही.

माझं विमान ९ मेचं होतं. माझी मुलगी विएन्नात राहते, तिची प्रसूतीची तारीख २४ मे दिली होती. तिचं हे पहिलंच बाळंतपण. पंधरा दिवस आधी पोचायचं, असा सगळा हिशोब करून मी मार्चपासून तयारीला लागले होते. बाळ लवकर आलं, १३ मेला. तुम्ही ८ तारखेला पासपोर्ट हातात दिला असता तर त्या वेळी मी तिच्याजवळ असते. ती कळा सोसत असताना मी इथे तुमच्या ट्रॅकिंगच्या पानावर नंबर टाकत बसले होते.

आता पहिल्यापासून सांगते.

३ मार्चला मी अपॉइंटमेंट मागितली. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, व्हिसा संहितेप्रमाणे मागणी केल्यापासून साधारण दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळाली पाहिजे. मला मिळाली ११ एप्रिलची, म्हणजे ३९ दिवसांनी. तेही मी सोडून दिलं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आपणच जरा उशीर केला असं मी स्वतःला समजावलं.

११ एप्रिलला काउंटरवर जे झालं ते मात्र सोडून देणार नाही. ते मी सविस्तर लिहिणार आहे आणि तुम्ही ते शेवटपर्यंत वाचावं अशी माझी मागणी आहे.

काउंटरवर विशी-पंचविशीतला मुलगा होता. फाइल उघडायच्या आधीच त्याने विचारलं, "कशाला जाताय?"

"मुलीचं बाळंतपण आहे."

"तिला नवरा नाही का?"

"आहे."

"मग तुमची काय गरज? तिकडे हॉस्पिटलं चांगली असतात."

मी काही बोलले नाही. पत्र फाइलमध्ये वरच लावलं आहे, एवढं बोटाने दाखवलं. त्याने ते पाहिलं नाही.

"घरी कोण असतं?"

"मी एकटी."

"मिस्टर?"

"२०१९ मध्ये गेले."

"बाकी मुलं?"

"एकच मुलगी."

यावर तो खुर्चीत मागे वळला आणि शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला मोठ्याने म्हणाला, "एकच मुलगी, ती तिकडे. इकडे मागे कोणीच नाही. या परत कशाला येतील?"

माझ्या मागे रांगेत तीसेक माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. माझ्या मागच्या बाईंनी मान खाली घातली, ते मला दिसलं.

मी पासपोर्ट उघडून त्याच्यासमोर धरला. २०२३ मध्ये मी ऑस्ट्रियाला जाऊन आले आहे. नव्वद दिवस राहायची परवानगी होती, मी ७४ व्या दिवशी परत निघाले. आत शिरल्याचा शिक्का आहे, बाहेर पडल्याचाही आहे, दोन्हींवर बाण आणि तारीख स्वच्छ वाचता येते. मी म्हटलं, "मागच्या वेळीही मी एकटीच होते. मुदतीच्या आधी परत आले, हे बघा."

त्याने शिक्के पाहिलेच नाहीत. म्हणाला, "तेव्हा नातवंड नव्हतं."

त्या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. माझी अख्खी नोकरी, ३१ वर्षं, खिडकीच्या आतल्या बाजूला गेली आहे. एका सरकारी कार्यालयात मी लोकांचे अर्ज घेत होते. रडणारी माणसं पाहिली, भांडणारी पाहिली, खोटे कागद घेऊन आलेलीही पाहिली. एखाद्याचा कागद कमी असेल तर अर्ज परत केला, पण कोणाच्या घरातलं माणूस गेलं आहे ते चारचौघांत मोठ्याने सांगून त्याच्यावर संशय घेतला नाही. हे शिकवायला लागत नाही असं मला वाटायचं. तुमच्याकडे ते शिकवावं लागेल, आणि शिकवण्याची जबाबदारी तुमच्यावरच आहे. अर्जदारांशी सौजन्याने वागणं, त्यांची प्रतिष्ठा जपणं, त्यांच्या माहितीची गोपनीयता पाळणं, या तिन्ही अटी संहितेने बाहेरच्या सेवा कंपन्यांना घातल्या आहेत. तुम्ही सही करून काम घेतलं आहे ते या अटींवर.

आणि मी परत येईन की नाही हे ठरवणारा तो कोण? अर्जाची छाननी, मुलाखत आणि निर्णय ही कामं फक्त दूतावासाची आहेत. संहितेच्या ४३ व्या कलमात ते स्वच्छ लिहिलं आहे. तुमचं काम अर्ज घ्यायचा, बोटांचे ठसे घ्यायचे, शुल्क घ्यायचं, कागद पोचवायचे आणि पासपोर्ट परत द्यायचा. त्या मुलाने माझी मुलाखत घेतली, निकालही दिला, आणि तोही रांगेसमोर.

त्यानंतर कागदांचं निघालं. त्याचं म्हणणं, "तुम्ही फ्रँकफर्टला उतरताय, मग जर्मनीचा व्हिसा काढा." फ्रँकफर्टला मी तीन तास थांबून पुढचं विमान पकडणार होते. ऐंशी दिवस राहणार होते विएन्नात. जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तरच पहिल्यांदा कुठे शिरता ते बघायचं. हा या कामातला अगदी पहिला नियम आहे, तुमच्याच माहितीपत्रकात छापलेला आहे, आणि अर्ज घ्यायला बसवलेल्या माणसाला तो ठाऊक नव्हता.

मग म्हणाला, "निमंत्रणपत्र नोटरी केलेलं नाही." ऑस्ट्रियात पाहुण्याचा खर्च उचलणारा माणूस पोलीस ठाण्यात जाऊन इलेक्ट्रॉनिक हमीपत्र देतो, त्याला ईव्हीई म्हणतात. त्याचा ओळख क्रमांक अर्जदाराने द्यायचा, दूतावास तो त्यांच्याकडे पडताळून घेतो. माझी मुलगी आठव्या महिन्यात पोट सांभाळत जावयाबरोबर ते काम करून आली होती. क्रमांक मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता. तो मुलगा म्हणाला, "हे ईव्हीई काय असतं?" ऑस्ट्रियाचे अर्ज घेणाऱ्या काउंटरवर बसून त्याने मला, अर्जदाराला, हे विचारलं. मी समजावून सांगितलं. त्याने फाइल काचेखालून परत सरकवली. "हे चालणार नाही. नवीन अपॉइंटमेंट घ्या."

अर्ज का घेत नाही ते लिहून द्या म्हटलं, तर "आम्ही लिहून देत नाही." बाहेर पडताना दारातल्या कर्मचाऱ्याने सुचवलं की जादा पैसे भरून मिळणारं प्रीमियम लाउंज घेतलं असतं तर अडचण आली नसती. हे ऐकल्यावर मला त्या नकाराचा अर्थ वेगळाच वाटू लागला. तुम्ही खुलासा करेपर्यंत तो तसाच वाटत राहील.

दुसरी अपॉइंटमेंट मिळाली २८ एप्रिलची. पुन्हा सेवाशुल्क भरलं. व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि सेवाशुल्क साधारणपणे त्याच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ४५ युरोंहून जास्त, असता कामा नये. तुम्ही एकाच अर्जासाठी ते दोनदा घेतलंत.

२८ तारखेला दुसऱ्या काउंटरवर एक बाई होत्या. मी तीच फाइल पुढे केली, कव्हरिंग लेटरवरची तारीख तेवढी बदलली होती. तेच तिकिटाचं आरक्षण फ्रँकफर्टमार्गे, तोच ईव्हीई क्रमांक, तोच तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. एकही कागद वाढवला नव्हता. त्यांनी बारा मिनिटांत अर्ज घेतला. माझ्या घरी कोण आहे ते विचारलं नाही. माझ्या बोटांचे ठसे २०२३ मध्येच घेतलेले आहेत, ५९ महिन्यांपर्यंत तेच वापरता येतात, हेही त्यांना माहीत होतं. या बाईंबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यांना तसं जरूर सांगा. पण मग ११ एप्रिलला त्याच फाइलमध्ये काय कमी होतं, याचं उत्तर मला हवं आहे.

कायद्याने दूतावासाला निर्णयासाठी पंधरा दिवस असतात, गरज पडली तर ४५ पर्यंत. त्यांनी मधली सुट्टी धरून आठ दिवसांत निर्णय दिला. ज्यांना माझ्यावर संशय घेण्याचा अधिकार होता त्यांनी आठ दिवसांत काम संपवलं. ज्यांना फक्त पाकीट माझ्या हातात द्यायचं होतं त्यांना नऊ दिवस झाले तरी ते जमलेलं नाही. एसएमएससाठी वेगळे पैसे घेतलेत, आजवर एक एसएमएस आलेला नाही. घरपोच कुरिअरचेही घेतलेत.

मी ८० दिवसांचा अर्ज केला होता, ९ मेपासून २७ जुलैपर्यंत. व्हिसा मिळाला असेल तर त्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. तुमच्याकडे पासपोर्ट पडून राहतो तो प्रत्येक दिवस माझ्या मुलीच्या वाट्याचा कमी होतो आहे. विमाही ९ मेपासूनच सुरू झाला आहे. तिकीट फरक भरून २० तारखेवर नेलं आहे, ते आता पुन्हा बदलता येणार नाही. आणि व्हिसा नाकारला असेल, तर तेही मला कळलं पाहिजे. नकाराची कारणं लेखी मिळतात, त्याविरुद्ध अपील करता येतं, आणि अपिलाला मुदत असते. ती मुदतही तुम्ही खाता आहात.

सोमवारी, १९ मे रोजी दुपारी बारापर्यंत पासपोर्ट माझ्या हातात पाहिजे. कुरिअरने पाठवू नका, मी स्वतः केंद्रावर येते. कुठल्या काउंटरवर यायचं तेवढं कळवा. दुसरं सेवाशुल्क, एसएमएसचे आणि कुरिअरचे पैसे परत करा. ७ मेपासून पासपोर्ट कोणाच्या ताब्यात होता ते तारखेनिशी लेखी द्या. आणि ११ एप्रिलच्या प्रकाराबद्दल लेखी माफी मागा. तीत "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे छापील वाक्य चालणार नाही. "मागे कोणीच नाही, या परत कशाला येतील" हे माझ्याबद्दल तीस लोकांसमोर बोललं गेलं, तेच शब्द लिहून त्याबद्दल माफी मागायची.

सोमवारी बारापर्यंत यातलं पहिलं काम झालं नाही, तर हेच पत्र दोन्ही पावत्या आणि दूतावासाच्या ईमेलसह दूतावासाकडे आणि विएन्नातल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे जाईल. तुमच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्यांची आहे. त्यानंतर ग्राहक न्यायालयात. मी आयुष्यभर फायली जपल्या आहेत, प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ माझ्याकडे लिहिलेली आहे.

२०२३ मध्ये तुमच्या याच केंद्रातून मी अर्ज केला होता. तेव्हा दारातल्या मुलाने मला खुर्ची आणून दिली होती. मी त्याचं कौतुक चार लोकांना सांगितलं होतं. त्यातल्या दोघींनी यंदा तुमच्याकडेच अर्ज केले आहेत, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

बाळाला आज तीन दिवस झाले. मुलीला तापाची कणकण आहे, जावई एकटे सगळं बघत आहेत. माझी बॅग १ मेपासून भरून दाराशी ठेवलेली आहे. माझा फोन रात्रीही चालू असतो. पासपोर्ट सापडला एवढं सांगायला कितीही वाजता केलात तरी चालेल. "प्रोसेसमध्ये आहे" हे सांगायला करू नका.

अर्जदार
(नाव आणि अर्जाचा क्रमांक सोबतच्या दोन्ही पावत्यांवर आहे)