तुमचा पाइपचा तुकडा आमच्याकडेच आहे, काका

लेथवाले काकांना सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये गोणपाटात शाफ्ट गुंडाळून एसटीनं आलेली बाई आठवते ना? ती मी. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटाची मिनी दाल मिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या बनावटीची. तूर घरोघरी येऊन पडलेली आणि रोलरचं एकामागून एक तिसरं बेअरिंग गेलेलं. "मालच डुप्लिकेट येते आता," असं आधीचा मिस्त्री म्हणाला होता. आम्हीही माना डोलावल्या होत्या.

तुम्ही जुनं बेअरिंग ग्राइंडरनं कापलं, आतली रेस, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात ते कडं, डिझेलनं पुसून उन्हात धरली. छर्‍यांच्या अंतराअंतरावर ओळीनं खळगे, टिकल्या लावल्यासारखे. "हे चालून नाही झालं बाई, बसवतानीच झालं. शाफ्टवर चढवतानी बाहेरच्या रेसले ठोकलं का सारा मार छर्‍यायतून जाते."

मग शाफ्टवर बोट फिरवायला लावलंत. ढिलं बेअरिंग घट्ट बसावं म्हणून मिस्त्रीनं पंच मारून मारून पुरळ उठवलं होतं. चार दिवसांत ते चपटं होतं आणि रेस शाफ्टवरच फिरायला लागते. तुम्ही वेल्डिंगनं तिथं भर दिली, लेथवर उतरवलं, मायक्रोमीटर लावून ३० मिमीच्या वर मिलिमीटरचा शंभरावा भाग तेवढा ठेवला. बेअरिंग ६२०६, शेवटच्या ०६ ला पाचानं गुणलं की शाफ्टचा व्यास, हे त्या दिवशी कळलं. दुकानात आता मी नंबर सांगते, नमुना नेत नाही.

मी म्हटलं, तेलात गरम करून घाला. तुम्ही हसलात. दोन्हीकडून रबरी सील असलेलं बेअरिंग तापवलं तर आतलं ग्रीस आणि सील दोन्ही जातात. म्हणून आतल्या रेसवरच टेकेल असा पाइपचा तुकडा कापलात आणि सगळीकडून सारखे, हलके ठोके दिलेत. आवाज बदलला तशी थांबलात. बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे जाड पायरीला, टेकलं होतं.

बाहेरच्या ऑइल सीलवरून, म्हणजे शाफ्टला ओठ लावून बसणाऱ्या रबरी कड्यावरून, मात्र आपलं थोडं वाजलं. मला वाटायचं, स्प्रिंगची, म्हणजे ओठाची, बाजू आतच हवी. तुम्ही विचारलं, "तेल आत ठेवाचं हाय का भुकटी बाहेर?" मिलमध्ये टरफलाची भुकटी इतकी की आमच्या भुवयाही पिवळ्या होतात. आधीच्या उघड्या बेअरिंगमध्ये ती ग्रीसमध्ये कालवली जायची, उटणंच म्हणा ना. सीलचा ओठ बाहेरच्या बाजूला केलात. शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळून सील सरकवलंत, ओठ कापू नये म्हणून. सेलोटेप माझ्या पिशवीतला, एवढंच काय ते माझं योगदान.

पैसे घेतलेत फक्त वेल्डिंगचे. तूर संपेपर्यंत मिल थांबली नाही. रोज सकाळी बेअरिंगच्या ब्लॉकवर पेचकस टेकवून दुसरं टोक कानाला लावते. सारखी घुंई येते, खरखर नाही.

पाच किलो डाळ गाडीनं पाठवतेय, काकूंना द्या. पाइपचा तुकडा परत मागू नका. शेजारच्या गावच्या गटानं मागितला, तेव्हा त्यांनाही दिला नाही; मीच सोबत घेऊन गेले.