भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज रहिवाशांना करू द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मुंबईबाहेरच्या एका महापालिकेच्या हद्दीत आमची सात मजली इमारत आहे. मंजूर नकाशा आहे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आहे, जोते तपासणीचा दाखला आहे, सोसायटीची रीतसर नोंदणी आहे. सगळे करारनामे मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकांपुढे नोंदवलेले आहेत. फक्त भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा कागद, सगळे ज्याला ओसी म्हणतात तो, नाही. मी या सोसायटीचा सचिव आहे. दंड माफ करा किंवा जादा चटई क्षेत्र (एफएसआय) द्या, असं मी मागत नाही. ज्या घरात आम्ही राहतो त्याचं भोगवटा प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार आम्हाला द्यावा, एवढंच मागणं आहे. आज तो आम्हाला नाही.

हे ऐकून बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, म्हणून प्रत्यक्ष काय घडतं ते सांगतो. ओसी मिळण्याआधी बांधकाम पूर्ण झाल्याचा, म्हणजे पूर्णत्वाचा, दाखला सादर करायचा तो जमीनमालकाने किंवा विकासकाने, आपल्या परवानाधारक वास्तुविशारदामार्फत. हल्ली सगळं ऑनलाइन झालंय, त्यामुळे फाइल उघडते ती त्या वास्तुविशारदाच्या लॉगिनमधून. बिल्डरने काम संपवून गाशा गुंडाळला की लॉगिनही गेलं. आपण दुसरा वास्तुविशारद नेमायचं ठरवलं तर आधीच्याचं ना हरकत पत्र लागतं. आधीचा म्हणतो, बिल्डरने माझी फी बुडवली आहे, ती मिटल्याशिवाय पत्र देणार नाही. आणि ते पत्र मिळवलं तरी अर्जावर मालक म्हणून सही कोणाची? जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नसतं, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे आलेली नसते, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर मूळ मालकाचं किंवा बिल्डरचंच नाव असतं. खिडकीवरचा कर्मचारी अगदी सभ्यपणे विचारतो, 'अर्जदार कोण?' सोसायटीचा ठराव आणि लेटरहेड पुढे केलं की ते परत सरकवतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढच्या रकान्यात आम्हाला जागाच ठेवलेली नाही.

पैसे घेताना आणि जबाबदारी टाकताना मात्र कायद्याला आम्ही बरोबर दिसतो. घरपट्टीची आकारणी ताबा घेतल्यापासून सुरू होते. बिलाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं की कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. आग प्रतिबंधाच्या २००६ च्या कायद्याखाली मालक किंवा भोगवटादार म्हणून दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते सोसायटीने द्यायचं. महापालिका अधिनियमाचं कलम २६५-अ पाहा, मुंबईच्या कायद्यात त्याचाच जोडीदार म्हणजे कलम ३५३-ब. इमारतीला तीस वर्षं झाली की मालकाने वा भोगवटादाराने संरचनात्मक तपासणी करून घ्यायची. ही तीस वर्षं कधीपासून मोजायची? पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, भोगवटा परवानगीपासून, किंवा निम्म्या बांधकामात लोक प्रत्यक्ष राहायला आले त्या दिवसापासून. यातलं जे आधी असेल ते. म्हणजे ओसी नसताना लोक राहायला येतात, हे विधिमंडळाने कायद्याच्या मजकुरातच धरलेलं आहे. तपासणीचा खर्च करायला आम्ही भोगवटादार, आणि भोगवट्याचं प्रमाणपत्र मागायला गेलो की कोणीच नाही. महोदय, ही विसंगती नियमातली आहे आणि ती काढणं आपल्या खात्याच्या हातात आहे.

बिल्डर ओसी का घेत नाही, हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही नगररचनाकाराला तोंडपाठ असेल. रस्तारुंदीत जाणारी पट्टी महापालिकेच्या ताब्यात दिलेली नसते. विकास शुल्काचे किंवा अधिमूल्याचे (प्रीमियमचे) हप्ते थकलेले असतात. वापरलेल्या क्षेत्रासाठी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घ्यायचा राहिलेला असतो. बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली असते, नाहीतर स्टिल्टमधल्या, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यातल्या, पार्किंगच्या जागी गाळा काढून तो विकलेला असतो. यातलं बहुतेक सगळं मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत शेजारी ठेवली की एका दुपारी कळतं. पण शेवटची सदनिका विकली गेल्यावर बिल्डरला त्या कागदाची गरज उरत नाही. ओसी न घेण्याने त्याचे पैसे वाचतात, आणि त्याचा पुढचा प्रकल्प दुसऱ्या संस्थेच्या नावाने सुरूही झालेला असतो.

झळ बसते ती राहणाऱ्याला. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ ला निकाल दिला. त्या सभासदांनी १९९३ मध्ये सदनिका नोंदवल्या आणि १९९७ मध्ये ताबा घेतला. ओसी नसल्यामुळे ते २५ टक्के जास्त मालमत्ता कर आणि ५० टक्के जास्त पाणीपट्टी भरत राहिले. १९९८ मध्ये त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली. चार महिन्यांत ओसी मिळवून द्या, असा आदेश बिल्डरला झाला तो २०१४ मध्ये. तरीही ओसी आलं नाही. जास्तीचा भुर्दंड परत मागितला तर राष्ट्रीय आयोगाने दावा मुदतबाह्य ठरवला. ओसी न देणं हा दररोज चालू राहणारा दोष आहे, त्याला मुदतीचं बंधन लागत नाही, असं अखेर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. निकाल आमच्यासारख्यांना मोठा आधार आहे. पण त्या सोसायटीची वर्षं मोजा. ज्यांनी तरुणपणी घर घेतलं ते तोवर निवृत्त झाले असतील. आणि एवढं होऊनही न्यायालय फार तर बिल्डरला आदेश आणि भरपाई लावू शकतं. बिल्डर परागंदा झाला असेल, कंपनी बुडाली असेल किंवा तो माणूसच हयात नसेल, तर त्या आदेशाची अंमलबजावणी कोणाकडून करून घ्यायची?

आमच्याच चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंना घर विकून मुलीजवळ जायचं आहे. दोन गिऱ्हाईकं आली, दोघांचंही कर्ज बँकेने नाकारलं, कारण ओसीची प्रत नाही. तिसऱ्याने रोखीत घ्यायची तयारी दाखवली आणि बाजारभावापेक्षा इतका कमी आकडा सांगितला की त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. नवऱ्याच्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेलं घर आहे ते. माझ्याकडे दर महिन्याला विचारतात, 'काही कळलं का रे?' काय सांगू त्यांना?

पुनर्विकासातही हीच गाठ बसते. प्रोत्साहनपर चटई क्षेत्र मोजतात ते आजच्या अधिकृत बांधकामावर. अधिकृत किती, हे दाखवायचा सर्वात सरळ कागद म्हणजे ओसी. तो नसेल तर नवा विकासक पहिल्याच बैठकीत सोसायटीची मागणी खाली ओढतो.

यावर नेहमी एक प्रश्न विचारला जातो की ओसी नसताना ताबा घेतलातच का. सदनिका खरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या मोफा कायद्याच्या कलम ३ मध्ये हे लिहिलेलं आहे, मला ठाऊक आहे: पूर्णत्वाच्या दाखल्याआधी प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही. पण हप्ता सुरू झालेला, जुन्या घराचं भाडं डोक्यावर, मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होणार, आणि बिल्डर लेखी देतो की ओसी महिन्याभरात येतंय. अशा वेळी सर्वसामान्य माणूस काय करेल, हे आपण लोकांमधून निवडून आलेले असल्यामुळे आपल्याला समजावून सांगावं लागू नये. शिवाय त्याच कलमाखाली ताबा देणारा किती वेळा अडकला आणि राहणाऱ्यांनी किती वर्षं जादा पैसे भरले, याचा हिशेब कोणी ठेवला आहे का? १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओसीशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाण्याची जोडणी आणि बँकांचं कर्जही ओसी पाहूनच द्यावं, असे निर्देश दिले. ते योग्यच आहेत. पुढच्या इमारतींना त्यांनी शिस्त लागेल. मात्र जे आधीच राहतायत त्यांच्यासाठी दार आणखी घट्ट बंद झालं, आणि आत जायची दुसरी वाट कोणी केली नाही.

आता सुरक्षिततेबद्दल. इथे माझं मत स्पष्ट आहे आणि आमच्या सर्वसाधारण सभेतही मी ते मांडलं आहे. ताडदेवच्या विलिंग्डन व्ह्यू सोसायटीच्या ३४ मजली इमारतीत वरच्या अठरा मजल्यांना ओसी नव्हतं; ते मजले रिकामे करा असा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. शेकडो माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल तर रहिवाशांची गैरसोय हा युक्तिवाद चालणार नाही, चालूही नये. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ जण मेले. अशा बांधकामांना कोणी कागद मिळवून द्यावा, असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी तर बनावट परवानग्यांवर रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. ही सगळी प्रकरणं वेगळी आणि आमच्यासारखी वेगळी, हा फरक नियमात नसल्यामुळेच सगळ्यांना 'विना ओसी' या एकाच गठ्ठ्यात बांधलं जातं. इमारत जिवाला धोकादायक आहे का, हा एक प्रश्न. बिल्डरने महापालिकेचे पैसे थकवले आहेत का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आमच्याकडे मागा: स्थैर्य प्रमाणपत्र, अग्निशमन दलाची तपासणी, लिफ्टचा परवाना, सांडपाणी जोडणी, जे लागेल ते आम्ही वर्गणी काढून करू. दुसऱ्याची वसुली ज्याने थकवले त्याच्याकडून करा, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करा, आणि ती होईपर्यंत त्याच्या व त्याच्या भागीदारांच्या नव्या नकाशांना मंजुरी देऊ नका. त्याच्या थकबाकीपायी आमचं प्रमाणपत्र अडवून ठेवण्यात महापालिकेला आजवर काय मिळालं?

अशी वाट याआधी याच राज्याने काढलेली आहे. बिल्डर जमिनीचं अभिहस्तांतरण करून देत नाहीत म्हणून २००८ मध्ये मोफाच्या कलम ११ मध्ये दुरुस्ती झाली आणि सोसायटीला एकतर्फी अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमिनीची मालकी, घेता येऊ लागलं. बिल्डरला नोटीस जाते, तो आला तर त्याचं ऐकतात, नाही आला तर सक्षम प्राधिकारी कागद पाहून प्रमाणपत्र देतो. त्या प्रक्रियेतही रखडपट्टी आहे. पण सोसायटी तिथे अर्जदार असते, तिला तारीख मिळते, लेखी कारण मिळतं, अपुरी कागदपत्रं पुरी करता येतात. भोगवटा प्रमाणपत्राला हेच तत्त्व लावा.

२०२५ मध्ये मुंबईतल्या अशा इमारतींसाठी सरकारने सवलतीचं धोरण जाहीर केलं आणि सोसायटीने स्वतः पुढे यावं, असं त्यात सांगितलं. वाचून आनंद झाला, म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे. पण अशा सवलतीच्या, म्हणजे अभय, योजनेला मुदत असते. ज्या सोसायटीत वाद आहे, जिचं दप्तर बिल्डरने दिलेलं नाही, जिथे निम्मे सभासद परगावी आहेत, तिचे कागद जमेपर्यंत योजना संपलेली असते आणि पुढच्या घोषणेची वाट पाहावी लागते. मुंबईबाहेर राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. त्या नियमावलीतच, भोगवटा प्रमाणपत्राच्या नियमात, 'मालक' या शब्दापुढे 'अथवा नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था किंवा अपार्टमेंट मालकांचा संघ' एवढे शब्द घाला. आधीच्या वास्तुविशारदाने ठरावीक दिवसांत उत्तर दिलं नाही तर त्याचं ना हरकत गृहीत धरावं, हेही सोबत यावं. आणि नकार द्यायचा असेल तर उणिवांची यादी सोसायटीच्या नावे लेखी मिळावी. आज आम्हाला नेमकं काय अडलंय तेच अधिकृतपणे कोणी सांगत नाही, कारण पत्रव्यवहार विकासकाशी चालतो. आम्ही माहितीच्या अधिकारात आमच्याच इमारतीची फाइल मागतो.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना काढून, हरकती मागवून नियमावलीत फेरबदल करण्याचे अधिकार शासनाला आहेत आणि आपल्या खात्याने ते अनेकदा वापरलेही आहेत. २०२२ पासून जवळपास चार वर्षं बहुतेक महापालिकांत प्रशासक होते. त्या काळात आमच्यासारख्यांना प्रश्न घेऊन जायला नगरसेवकसुद्धा नव्हता, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहितो आहे.

अशी सूचना निघाली तर हरकती-सूचनांच्या मुदतीत आमच्या सोसायटीची संपूर्ण फाइल, मंजूर नकाशापासून ताज्या पाणीबिलापर्यंत, नमुना प्रकरण म्हणून आपल्या कार्यालयात आणून द्यायची आमची तयारी आहे. सर्वसाधारण सभेने तसा ठराव केलेला आहे.

आपला नम्र,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था