सतरावी मात्रा

रत्नागिरी,
आषाढ, मुसळधार

प्रिय बाळ्या,

दीड वर्षात तुझी दोन पत्रं आली, माझं एकही गेलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, गुडघा होता तसाच.

गच्चीवरचं 'तुतारी' कवितेच्या मात्रांवरून झालेलं भांडण आठवतंय? महिनाभर अबोला धरला होता आपण. ते तू जिंकलास, गेल्या आठवड्यात, माझ्या नववीच्या वर्गात.

पादाकुलक वृत्त घेत होतो. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा; दीर्घ ते गुरू, त्याच्या दोन. चरणात १६ मात्रा, आठ-आठ. केशवसुत आपल्या मालगुंडचे, म्हणून उदाहरण १८९३ ची 'तुतारी'च. 'एक तुतारी द्या मज आणुनि': तीन, पाच, दोन, दोन, चार. सोळा. पुढं 'स्वप्राणाने', 'प्रा'चा धक्का 'स्व'ला बसतो, 'स्व'च्या दोन, तिथंही सोळा. मग आली 'दीर्घ जिच्या त्या किंकाळीने'. फळ्यावर माझा नियम, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. म्हणजे 'जि'च्या दोन नि ओळीच्या सतरा! एका पोरीनं वहीत सोळा लिहिले होते. मी लाल पेनानं सतरा केले, शेजारी शेरा: 'कवीने घेतलेली सूट'. तेच शहाणपण, जे तुला ऐकवलं होतं.

पोरगी उठली. भाऊ जाखडी नाचात मृदंग वाजवतो तिचा. बाकावर थाप धरून म्हणाली, "सर, प्रा म्हनताना स्व दाबतो, च्या म्हनताना जि दाबत नाय. तुमी म्हनून बघा."

म्हटलं. नाय दाबत, बाळ्या! 'तुझ्या'त नाही, 'पुन्हा'त नाही. आघात आला तरच गुरू, ही अट पुस्तकात असतेच. मीच धड वाचली नव्हती. "कानानं मोज, बोटांनी नको," म्हणून तू ओरडत होतास नि मी तुला अडाणी म्हणत होतो.

सूट खरी घेतलीय ती दुसऱ्या कडव्यात, मात्रेसाठी 'जिला'चं 'जीला'. कुणा पोरानं लिहिलं असतं तर अर्धा मार्क कापला असता मी.

२६ वर्षं शिकवतोय रे हे. किती वह्यांत सोळाचे सतरा केले असतील? मोठी झालेली पोरं बाजारात नमस्कार करतात, आणि मला वाटतं, यांच्याही वहीत असेल तो लाल सतरा. परवा जेवतानाही ताटाच्या कडेवर मात्रा मोजत होतो. ही म्हणाली, "एका मात्रेपायी भाजलेली सुकट वातड करताय."

त्या पोरीची वही अजून माझ्याकडेच आहे. नुसतं खोडू, की खाली चूक कबूल करू? सगळा वर्ग बघणार. तुमच्या बँकेत चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारून सही करायचे ना? खालचा आकडा वाचता यायला हवा, असं तूच सांगितलेलंस.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं ना? चिंगीला नोकरी लागल्याचं कळलं, छान. कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या पाठवतोय.

वह्या सोमवारी परत द्यायच्यात, म्हणून पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. मिळाल्याबरोबर फोन कर. आधी हसून घे, मग बोल.

तुझा,
अनंता